लढाईमागचा दाणागोटा

(माजी विद्यार्थी मेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत, आणि तीही जेवणानंतरची. विषय इतिहासाचा आहे. त्यामुळे कुणाचे डोळे मिटले तर मी मनावर घेणार नाही. आठवीत इतिहासाच्या तासाला आपण तेच करत होतो, आणि सर समोरच बसले आहेत म्हणून जास्त बोलत नाही.

सकाळपासून पाच-सहा जणांनी विचारलं, “तू म्हणे जुने कागद गोळा करतेस. कसले कागद?” एकीने तर विचारलं, “स्टॅम्प पेपर का गं?” म्हणून आधी तेच सांगते. मी मोडी लिपीतले हाताने लिहिलेले कागद जमवते. त्यातही माझं लक्ष एकाच प्रकारावर असतं. फौजेला, किल्ल्याला, छावणीला लागणारा दाणागोटा, वैरण, मीठ, तेल, शिसं, दारू, दोर, गोणपाट, बैल यांचे हिशेब, चिठ्ठ्या आणि याद्या. बहुतेक कागद पेशवाईतले आहेत, थोडे त्यानंतरचे. आज माझ्याकडे असे २१२ कागद आहेत.

हाच विषय का, याचं उत्तर माझ्या नोकरीत आहे. मी ३१ वर्षं एका कारखान्याच्या भांडारात काम केलं. आवक, जावक, शिल्लक, तूट या चार रकान्यांत माझं आयुष्य गेलं. निवृत्त झाल्यावर पुराभिलेख विभागाच्या मोडी वर्गाला गेले, ते खरं तर घरात बसून कंटाळा येईल म्हणून. तिथे सरावाला एका किल्ल्याच्या कोठाराचा हिशेब दिला होता. अक्षरं अजून नीट लागत नव्हती, पण जमा, पैकी खर्च, बाकी ही मांडणी पाहिली आणि मला घरी आल्यासारखं वाटलं. भात इतकं, नाचणी इतकी, मीठ इतकं. शेवटी घट आणि नासाडी यांची वजावट. म्हणजे अडीचशे वर्षांपूर्वीसुद्धा कोठीवाल्याला वर्षाअखेरीस तूट समजावून सांगावी लागत होती! लोक मोडी शिकतात ते महाराजांचं पत्र वाचायला. मी कोठीवाल्यापाशी थांबले, ती अजून तिथेच आहे.

मोडी तशी अवघड नाही, पण ती वाचणाऱ्याचे लाड करत नाही. लिहिणारा आधी कागदभर आडवी रेघ ओढून घ्यायचा आणि तिच्याखाली बोरू शक्यतो न उचलता लिहीत जायचा. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, दोन शब्दांत जागा नाही, पूर्णविराम नाही. आपल्या मराठीच्या बाईंनी असा निबंध पाहिला असता तर वही खिडकीबाहेर गेली असती. शाई वाळावी म्हणून टाकलेली बारीक वाळू काही कागदांच्या घडीत अजून सापडते. कागद उलगडला की टेबलावर चार कण पडतात.

तारखेची गंमत वेगळीच. सरकारी कागदात वर्ष अरबी शब्दांत येतं. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, मिळून ११६१. हे सुहूर सन. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतं, म्हणजे १७६०–६१. हे वर्ष सुरू होतं सूर्य मृग नक्षत्रात गेला की, म्हणून त्याला मृगसाल असंही म्हणत. नावं अरबी, आणि वर्षाची सुरुवात आपल्या पेरणीची. मापांचंही तसंच. २० मणांची खंडी सगळीकडे, पण मण कुठला? बारा पायल्यांचा बारुला की सोळा पायल्यांचा सोळुला? मापाने मोजलेला की वजनाने? शेर कच्चा की पक्का? हे न पाहता बेरीज केली तर सगळं कोठार चुकतं. पावकी, निमकी, अडीचकी पाठ असणारी आपली आजोबांची पिढी या कागदांसमोर आपल्यापेक्षा कितीतरी हुशार ठरली असती.

आता तुम्ही म्हणाल, या किराणा यादीत इतिहास कुठे आहे? दोन गोष्टी सांगते. दोन्ही छापलेल्या आहेत, कुणालाही वाचता येतील.

पहिली शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या सुमाराची. चिपळूण भागात घोडदळाची छावणी होती. तिथल्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना महाराजांनी लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. त्यात शौर्याचा एक शब्द नाही. सगळं पत्र दाणा आणि गवत यांवर आहे. पावसाळ्यासाठी ठेवलेला साठा आत्ताच मनाला येईल तसा उडवलात, तर ऐन पावसात घोडी उपाशी मरतील. मग तुमची माणसं गावात शिरतील, कुणब्याच्या घरचं कुणी धान्य आणील, कुणी गवत, कुणी लाकूड, कुणी भाजी. मग रयतेला तुमच्यापेक्षा मोगल बरे वाटतील. पुढे तर आणखी बारीक. रात्री दिवा जळत ठेवू नका, उंदीर पेटती वात घेऊन जाईल, गवताला आग लागेल, घोडी जातील. उंदराने वात नेण्यापर्यंत विचार करणारा राजा! मी ३१ वर्षांत भांडाराच्या आगीबद्दल बरीच परिपत्रकं वाचली. त्यातलं एकही या पत्राच्या जवळपास येत नाही. आणि यातली खरी गोष्ट उंदराची नाहीच. कोठारातला दाणा संपला की तो शेवटी कुणाच्या घरातून येतो, हे लिहिणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं.

दुसरी गोष्ट पानिपतची. ती आपण सगळे शिकलो. १४ जानेवारी १७६१ ही तारीख विचारली तर आपला सगळ्यात मागच्या बाकावरचा गडीही सांगेल. मोत्यांचा आणि मोहरांचा तो सांकेतिक निरोपही सगळ्यांना आठवतो. पण त्याआधीचे महिने कसे गेले, ते कळतं धान्याच्या पत्रांतून.

उदगीरची लढाई जिंकून फौज मार्च १७६० मध्ये उत्तरेकडे निघाली. लढणाऱ्यांबरोबर बुणगे होते, बायकामुलं होती, यात्रेकरू होते. या सगळ्यांना रोज दोन वेळा खायला लागायचं, आणि घोड्यांना, बैलांना, हत्तींना त्याहून जास्त. ऑगस्टच्या सुरुवातीला दिल्ली हाती आली, पण पैसा हाती आला नाही. लाल किल्ल्यातल्या दिवाण-इ-खासचं चांदीचं छत काढून त्याचे रुपये पाडावे लागले. १७ ऑक्टोबरला कुंजपुरा घेतलं, तेव्हा तिथला धान्यसाठा मिळाला आणि थोडे दिवस सुखाचे गेले. त्याच महिन्याच्या अखेरीस अब्दाली बागपतजवळ यमुना ओलांडून मराठी फौज आणि दिल्ली यांच्या मध्ये येऊन बसला. दक्षिणेकडून येणारी रसद तुटली.

आता सगळी भिस्त गोविंदपंत बुंदेल्यांवर. अंतर्वेदीतून पैसा आणि धान्य पाठवा, अब्दालीची रसद मारा, अशी भाऊसाहेबांची पत्रं त्यांना जात होती. आपण सहा महिन्यांची ही पत्रं एका बैठकीत वाचतो. लिहिणाऱ्याला पुढचं माहीत नव्हतं. पत्रागणिक मागणी तीच असते आणि तगादा वाढत जातो. डिसेंबरमध्ये गोविंदपंत मारले गेले. त्यानंतर दिल्लीहून खजिना घेऊन निघालेली एक तुकडी रात्री वाट चुकून थेट अफगाणांच्या छावणीत शिरली. जानेवारीत भाऊसाहेबांनी लढाईचा दिवस निवडला असं आपण म्हणतो. माझ्या मते तो दिवस रिकाम्या कोठाराने निवडला.

ही पत्रं आपल्याला कशी मिळाली? इतिहासाचार्य राजवाडे वाईला जुन्या कागदांपर्यंत पोचले म्हणून. त्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, तो १७५० ते १७६१ या काळातल्या पत्रांचा. मग १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघालं. पेशवे दप्तरातले निवडक कागद रियासतकार सरदेसायांनी १९३० नंतरच्या चार-पाच वर्षांत ४५ भागांत छापले. राजवाडे गावोगाव पायी हिंडले. घरांच्या माळ्यांवरून, देव्हाऱ्यांमागून कागद काढले. तेव्हाही लोक म्हणत असतील, हा माणूस धुळीत काय शोधतो!

आता माझ्याकडच्या कागदांकडे येते. ते छोटे आहेत. त्यांत सेनापती नाहीत. एक कागद एका गावच्या पाटील-कुलकर्ण्यांनी लिहिलेला अर्ज आहे. फौज गावाशेजारी उतरली, उभी ज्वारी वैरणीला कापली गेली, घरांची छपरं काढून जाळली, तेव्हा यंदाच्या वसुलात सूट मिळावी. याला त्या काळी पायमल्ली म्हणत. असे अर्ज पेशवे दप्तरात पुष्कळ आहेत, आणि सूट दिल्याच्या नोंदीही आहेत. लक्षात घ्या, ही शत्रूची फौज नव्हे, आपलीच. तीच फौज पुढे जाऊन जिंकली की आपण पुस्तकात नकाशावर बाण काढतो. तो बाण ज्या शेतातून गेला, त्या शेताचा हा कागद.

दुसरा कागद वेठीचा. किल्ल्यावर गवत आणि लाकूडफाटा पोचवायचा आहे, गावाने माणसं द्यावीत. पुढे नावं आहेत, एकूण ११. नावापुढे जात, आणि कुणी किती भारे न्यायचे ते. मजुरीचा उल्लेख नाही, कारण वेठीला मजुरी नसते. यातली बहुतेक नावं महारवाड्यातली आहेत. लढायांच्या कुठल्याच वर्णनात ही माणसं नाहीत. गवताचा भारा डोक्यावर घेऊन ती गड चढली, याचा जगात उरलेला पुरावा हा वीतभर रुंद कागद. मी तो पहिल्यांदा पुरता वाचला त्या दिवशी ती ११ नावं मोठ्याने वाचली. घरात दुसरं कुणी नव्हतं, तरी वाचली.

आणि या कागदाची तारीख मला ठाऊक नाही. का, ते सांगते, कारण ते सांगायलाच आज उभी आहे.

जुना लांब कागद म्हणजे एकाखाली एक चिकटवलेले बंद असतात. वर मजकूर सुरू होतो, आणि तारीख आणि मोर्तबाचा शिक्का येतो शेवटच्या बंदावर. दोन बंदांच्या सांध्यावर पाठीमागून छोटा शिक्का मारतात, कुणी मधला बंद बदलू नये म्हणून. माझ्या कागदाच्या खालच्या कडेला असा अर्धा शिक्का आहे. उरलेला अर्धा कुठल्या तरी दिवाणखान्यात, काचेच्या चौकटीत असणार. शिक्क्याचा बंद विकला जातो. नावांच्या यादीला गिऱ्हाईक नसतं. म्हणून कुणीतरी सांध्यावर कागद सोडवला, शिक्का आणि तारीख चौकटीत गेली, आणि ११ माणसं रद्दीत राहिली. ज्याच्याकडे शिक्का आहे त्याला हुकूम कशाचा ते कळत नाही, आणि मला तो कधीचा ते कळत नाही.

हा कागद ज्या रुमालातला, तो एका पाडलेल्या वाड्यातून निघाला होता. वाड्याची वाटणी झाली, जागा बांधायला गेली, रुमाल किलोवर गेला. घेणाऱ्याने तो सोडून नग केले. पत्रं वेगळी, शिक्के वेगळे, हिशेब वेगळे. माझ्यापर्यंत ४३ कागद आले, तेही हिशेबाचे होते म्हणून. बाकीचे कुठे गेले ते आता ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. रुमालात कागद कुठल्या कागदाशेजारी होता, यालाच अर्धा अर्थ असतो. मीठ दिल्याची चिठ्ठी, ते पोचल्याची पावती आणि ते कमी भरल्याची तक्रार, हे तीन कागद एकत्र असले तर गोष्ट असते. तीन घरांत गेले तर तिन्ही मुके.

म्हणून मला विचारतात, “मग तूही जमवणारीच की! तुझ्यासारखे घेतात म्हणून ते विकले जातात.” यात तथ्य आहे. घेणारा असला की विकणारा येतो. मी दोन नियम पाळले. कापलेला, सुटा शिक्का कधी घेतला नाही. आणि कागद कुठून आला हे जो सांगणार नाही, त्याच्याकडून घेतला नाही. यामुळे संग्रह लहान राहिला. तरी प्रश्न उरतोच की हे २१२ कागद माझे आहेत का. कपाट माझं आहे, एवढं नक्की. मुलगा म्हणतो, दोघा भावंडांत वाटून दे, आठवण राहील. मी त्याला सांगितलं, बाबा, दागिने वाटून घ्या, भांडी वाटून घ्या, हे वाटायचं नाही. सगळे कागद, माझ्या लिप्यंतराच्या वह्यांसकट, एका संशोधन संस्थेला देण्याचं मी ठरवलं आहे. मुलगी लगेच हो म्हणाली. मुलाला दोन महिने लागले. परवा त्यानेच सगळ्यांचे फोटो काढून क्रमांक घातले.

आता तुमच्याकडे मागणं. आपल्यापैकी निम्मे तरी जुन्या घरांतले आहेत. कुणाच्या माळ्यावर पेटी आहे, कुणाच्या देवघरात कापडात बांधलेलं गाठोडं आहे, दसऱ्याला त्याला हळदकुंकू वाहतात आणि परत ठेवतात. ते सोडू नका. सोडलंच तर आधी आहे त्या क्रमाने फोटो काढा. कुठल्या घरातलं, कुठे ठेवलं होतं, घरात त्याबद्दल काय सांगतात, हे वेगळ्या कागदावर लिहून ठेवा. जुन्या कागदावर बॉलपेन लावू नका. चिकटपट्टी लावू नका. आणि हात जोडून सांगते, लॅमिनेशन करू नका. प्लॅस्टिक एकदा बसलं की निघत नाही, कागद आतच खराब होतो. स्वच्छ सुती कापड, कोरडी जागा, वाळवी आणि कसरीवर लक्ष, इतकं पुरे.

काही जण कागद दाखवायला घाबरतात. इनाम निघेल, भाऊबंदकी निघेल, कुणीतरी जमिनीवर हक्क सांगेल. ही भीती मी समजू शकते. पण पेटीत काय आहे हे वाचल्याशिवाय घाबरायचं तरी कशाला, हेही ठरत नाही. आणि विकायचा मोह झाला तर एवढं लक्षात ठेवा की १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात ऐतिहासिक मोल असलेलं ७५ वर्षांपूर्वीचं हस्तलिखितही येतं. अशा वस्तूंचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही, आणि खासगी माणसाला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत.

मुख्याध्यापकांशी माझं बोलणं झालं आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहा ते एक, शाळेतली चित्रकलेची खोली आपल्याला मिळेल. मी तिथे बसेन. गाठोडं न सोडता आणा. तुमच्यासमोर सोडू, वाचू, फोटो काढू, आणि तुमचे कागद तुम्ही परत घरी न्याल. नववीच्या चार मुलींनी मोडी शिकायला येते म्हणून सांगितलंय. तेव्हा मित्रमैत्रिणींनो, तुम्ही आला नाहीत तरी खोली रिकामी राहणार नाही. पण या. एखाद्याच्या पणजोबाचं नाव गवताच्या भाऱ्यापुढे लिहिलेलं सापडलं, तर ते वाचायला त्याच्या घरचं कुणीतरी असावं.

सरांनी घड्याळ दाखवलं. चाळीस वर्षांनीही त्याचा अर्थ तोच आहे. थांबते.